कुऱ्हाड अर्धीच का घासलेली? बळ्ळारीच्या डोंगरावरच्या एका काळ्या दगडाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आला होता: ‘सर, मी मूळचा सांगलीचा, नोकरीमुळे तोरणगल्लूला असतो. रविवारी बळ्ळारीजवळ संगनकल्लूच्या डोंगरावर फिरताना हा काळा दगड सापडला. लांबी ११ सेंटिमीटर, वजन पाव किलोच्या थोडं वर. एक टोक निमुळतं आणि खडबडीत, दुसरं टोक रुंद, गुळगुळीत, धारदार. ही नवाश्मयुगातली कुऱ्हाड आहे का? मित्र म्हणतो, खरी असती तर पूर्ण घासलेली असती, ही कुणीतरी अलीकडे केलेली नक्कल आहे. दुसरा म्हणतो, वीज पडते तिथे असे दगड सापडतात, देव्हाऱ्यात ठेव. आणि लोखंड नसताना इतका कठीण दगड घासला कसा, आणि मुळात घासलाच का?’

तुम्ही पाठवलेल्या चारही फोटोंवरून मी जवळजवळ खात्रीनं सांगतो की ही खरी कुऱ्हाड आहे, म्हणजे कुऱ्हाडीचं पातं. दांडा केव्हाच मातीत गेला. गंमत अशी की तुमच्या पहिल्या मित्राला जे खोटेपणाचं लक्षण वाटलं, नेमक्या त्याच्याच भरवशावर मी हे म्हणतोय. नक्कल करणारा माणूस सगळा दगड चकचकीत करतो, कारण त्याला तो विकायचा असतो. कुऱ्हाड करणाऱ्याला तिनं झाड तोडायचं असतं. तो घासतो ती धार आणि धारेमागचा दोन-चार बोटं भाग. बुडाकडची बाजू तो मुद्दाम खडबडीत ठेवतो, कारण तिथे दांडा बसणार असतो आणि गुळगुळीत बूड दांड्यात धरत नाही. बळ्ळारीकडची बहुतेक पाती अशीच आहेत: त्रिकोणी घाट, निमुळतं बूड, आणि आडवं कापलं तर मसुराच्या अख्ख्या दाण्यासारखा दोन्हीकडून फुगीर छेद.

नदीतला गोटा अशा आकाराचा असू शकत नाही का, ही शंका पुढे येईलच, म्हणून आधीच सांगतो. पाणी पक्षपात करत नाही. ते दगडाला सगळीकडून सारखं गोल करतं. एक टोक घासायचं आणि दुसऱ्या टोकावर ठेचल्याचे खळगे शिल्लक ठेवायचे, हे माणसाचंच काम. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पातं हातात धरून हळूहळू फिरवा. धारेजवळ तुम्हाला बारीक, एकमेकींना जवळपास समांतर जाणाऱ्या घासणीच्या रेघा दिसतील. मधल्या भागात सुईनं टोचल्यासारखे दाट खळगे दिसतील. आणि कडेला, तिसऱ्या फोटोत मला दिसतंय तसं, कपची उडाल्याचा एखादा खोलगट व्रण असेल, जो पुढच्या कामात पुरता मिटला नाही. कपची, टोचणी, घासणी. तिन्ही टप्प्यांच्या खुणा एकाच दगडावर असल्या की मी फारसा वाद घालत बसत नाही.

आता दगड. बळ्ळारीचे डोंगर ग्रॅनाइटचे आहेत, ते तुम्ही रोज पाहता. पण त्या फिकट ग्रॅनाइटमधून मधूनच एखादा काळा पट्टा भिंतीसारखा आरपार गेलेला दिसतो. भेगेत शिरून थिजलेला लाव्हारस तो, त्याला डाइक म्हणतात आणि दगडाला डोलेराइट. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा हा सख्खा चुलतभाऊ, फक्त जमिनीखाली सावकाश निवल्यामुळे त्याचे स्फटिक थोडे मोठे आणि एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. हा गुंता महत्त्वाचा. गारगोटी किंवा अकीक डोलेराइटपेक्षा कठीण आहे, पण तडकते. डोलेराइट चिवट आहे, घाव सोसतो. झाडावर हजार वेळा आपटायच्या वस्तूला कठीणपणापेक्षा चिवटपणा जास्त लागतो. वर्षानुवर्षं शेतात काम केलेल्या माणसाला लाकडाच्या बाबतीत हे माहीत असतं, तो दांड्याला बाभूळ निवडतो. चार हजार वर्षांपूर्वीच्या या लोकांना दगडाच्या बाबतीत ते तितकंच पक्कं माहीत होतं.

तुम्ही जिथे फिरत होता ती जागा साधी नाही. संगनकल्लू आणि कुपगल ही लागून असलेली गावं. त्यांच्यामधल्या डोंगररांगेत दक्षिण भारतातला दगडी कुऱ्हाडींचा सर्वात मोठा ज्ञात कारखाना होता. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच तो ओळखला होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी या डोंगराचं नातं जुनं आहे: बेंडापुडी सुब्बाराव यांनी १९४० च्या दशकात इथे खोदकाम केलं, १९६० च्या दशकात अन्सारी आणि नागराज राव यांनी. १९९७ नंतर रवी कोरिसेट्टर, निकोल बोइव्हिन, डोरियन फुलर यांच्या गटानं बरीच वर्षं काम केलं आणि रोबेर्तो रिश यांनी कुऱ्हाडींच्या उत्पादनाचा नीट हिशेब मांडला. इथली वस्ती साधारण इसवी सनपूर्व २००० च्या आसपास डोंगरमाथ्यावर स्थिरावली आणि कुऱ्हाडींचं काम सर्वात जोरात चाललं ते शेवटच्या काही शतकांत, इ.स.पू. १४०० ते १२०० च्या सुमारास. म्हणजे तुमचं पातं बहुधा सव्वातीन ते चार हजार वर्षांचं. याहून नेमकी तारीख पात्यावरून सांगता येत नाही; ते ज्या थरात होतं त्यावरून सांगता आली असती. या मुद्द्याकडे शेवटी येतो.

कारखाना म्हटल्यावर डोळ्यांसमोर कुऱ्हाडींचे ढीग येतात. प्रत्यक्षात कुऱ्हाडी तिथे कमी असतात, त्या लोक घेऊन गेले. मागे राहतो तो कचरा. हिरेगुड्डावर (कन्नडात ‘हिरे’ म्हणजे थोरला आणि ‘गुड्ड’ म्हणजे डोंगर) काही ठिकाणी डोलेराइटच्या कपच्यांचा थर पायाखाली करकरतो. विद्यार्थ्यांना पहिल्यांदा तिथे नेलं की ते कपच्या तुडवत पुढे जातात आणि विचारतात, ‘सर, कुऱ्हाडी कुठायत?’ मी म्हणतो, बुटाखाली बघा.

घडवण्याची रीत अशी. डाइकमधून मोकळा झालेला, भेगा नसलेला तुकडा निवडायचा. भेग आहे की नाही हे वाजवून कळतं: कुंभार मडकं टिचकीनं तपासतो तसंच, निकोप डोलेराइट खणकन वाजतो आणि भेगाळलेला भद्द करतो. (कुपगलला डाइकवरचे काही धोंडे तर घंटेसारखे वाजतात, आणि ते मुद्दाम वाजवले जात असल्याची खूण म्हणजे ठोकून ठोकून पडलेल्या वाट्या त्यांच्यावर आहेत. दगड वाजवून पाहायची सवय कारागिरातून आली की उपासनेतून, हा माझा आवडता न सुटणारा प्रश्न.) मग दुसऱ्या दगडानं कडेकडेनं ठोकून कपच्या उडवायच्या आणि ओबडधोबड त्रिकोणी घाट आणायचा. या टप्प्यावर सर्वात जास्त माल वाया जातो. एक घाव वाकडा बसला की पातं मधोमध मोडतं. मी स्वतः शिकताना पहिले दोन तुकडे असेच बुडाशी मोडले आणि तिसरा वाचला तो माझ्या कसबानं नव्हे.

त्यानंतरचा टप्पा लोक विसरतात, कारण पुस्तकात त्याच्यावर एखादं वाक्यच असतं. कपच्या उडवून आलेल्या आकारावर धारदार कंगोरे असतात. ते थेट घासायला बसलात तर आठवडा जाईल. म्हणून आधी टोचायचं. गोल हातोडा-दगडानं हलके, दाट, न थकता घाव घालायचे. प्रत्येक घावाला चिमूटभर पांढुरकी पूड निघते आणि कंगोरा बसत जातो. जात्याला किंवा पाट्याला टाकी लावणारा तुम्ही लहानपणी पाहिला असेल तर नेमकं तेच काम, फक्त छिन्नीशिवाय. ताजा घाव पडला की काळा डोलेराइट तिथे फिकट दिसतो. कुपगलच्या धोंड्यांवर मोठ्या शिंगांचे बैल कोरलेत ते याच पद्धतीनं, ठेचून ठेचून. तोच दगड, तेच हत्यार, तीच मनगटाची लय. ज्यानं ते बैल काढले त्याचा हात कुऱ्हाडी टोचूनच बसलेला असणार असं मला नेहमी वाटतं. पुरावा म्हणून हे मांडता येणार नाही, पण हातानं काम करून पाहिलेल्या माणसाला ते पटतं.

मग घासणी. ‘लोखंड नसताना कसं घासलं’ याचं उत्तर तुमच्या पायाखालीच होतं: ग्रॅनाइट. ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचे दाणे असतात आणि ती डोलेराइटहून कठीण असते. पाणी टाकायचं, हवी तर वाळू टाकायची आणि सहाणेवर चंदन उगाळावं तसं पातं उगाळायचं. संगनकल्लूच्या ग्रॅनाइटच्या खडकांवर अशी उगाळण्याची खोलगट पन्हळं आजही दिसतात. बाजूच्या कडा घासायला अरुंद पन्हळ, पात्याचे फुगीर चेहरे घासायला पसरट वाटीसारखा खळगा. हात घातलात तर तळ काचेसारखा लागतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा पावसाचं पाणी कुठे साचतं ते पाहत चला, बहुधा तिथेच सापडतील. पाण्याशिवाय हे काम होत नाही. पूड दाण्यांमध्ये अडकते आणि दगड नुसता घसरतो.

किती वेळ? मी ग्रॅनाइटच्या शिळेवर फक्त धारेकडचा भाग घासला, त्याला दोन दिवस लागले, रोज चार-पाच तास. त्यातला निम्मा वेळ मी चुकीचा कोन धरत होतो. सराईत माणूस हे काम बरंच लवकर करील. चूक सांगतो, कारण ती सगळेच करतात: आपण स्वयंपाकघरातली सुरी पाजळतो तसं पातं सपाट धरून मागेपुढे ओढतो. त्यानं धार पातळ होते आणि पहिल्याच घावाला तिचा टवका उडतो. पातं पुढे नेताना मनगटानं किंचित डोलवायचं असतं, म्हणजे धारेमागे फुगवटा राहतो. हा फुगवटाच धारेला पाठबळ देतो.

आता तुमचा खरा चांगला प्रश्न: घासायचंच कशाला? कपची उडवलेली कड घासलेल्या धारेपेक्षा तीक्ष्ण नसते का? चकमकीत आणि अकिकात असते. डोलेराइटचे दाणे जाड, त्याची नुसती तोडलेली कड भुगा होऊन झडते. त्याला टिकाऊ धार घासूनच येते. पण मोठं कारण वेगळं आहे. काच कापणारा आधी काचेवर चरा ओढतो आणि मग नुसत्या दाबानं काच त्या रेषेवर तुटते. दगडावरचा प्रत्येक कंगोरा, कपचीचा प्रत्येक व्रण हा असाच एक चरा आहे. झाडावर घाव बसला की जोर तिथे एकवटतो आणि तडा तिथून निघतो. घासून सगळे चरे पुसले की जोर पात्यात सारखा पसरतो. म्हणजे तुम्ही जिला पॉलिश म्हणता ती चकाकी नसून मजबुती आहे. शिवाय गुळगुळीत धार लाकडात कमी अडकते, आणि बोथट झाली तर पुन्हा पाच-दहा मिनिटं घासून पुढे चालू.

हे ‘पुन्हा घासून’ लक्षात ठेवा. दर वेळी पातं थोडं आखूड होतं. तुमचं ११ सेंटिमीटरचं पातं जन्मलं तेव्हा कदाचित बरंच लांब असेल. धारेचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेला दिसतोय, म्हणजे ते वापरलेलं आहे. आणि दोन्ही बाजूंचा उतार सारखा आहे म्हणून मी त्याला कुऱ्हाड म्हणतो. एकाच बाजूनं उतार असता तर तो सुताराच्या वासल्यासारखा, धार दांड्याला आडवी बसवलेला प्रकार ठरला असता. मोडलेली पाती लोक टाकत नसत, त्यांचे हातोडा-दगड होत. काटकसरी माणसं.

दांडा कसा होता? दक्षिणेत एकही उरला नाही, ऊन, पाऊस आणि वाळवी यांनी काही ठेवलं नाही. स्वित्झर्लंडच्या तळ्यांच्या गाळात मात्र दांड्यासकट कुऱ्हाडी सापडल्या आहेत. तिथे पातं आधी हरणाच्या शिंगाच्या खोबणीत बसवत आणि मग ती खोबण लाकडात, म्हणजे हिसका शिंग सोसेल आणि दांडा फाटणार नाही. आपल्याकडच्या निमुळत्या बुडाच्या पात्यांना दांड्यात भोक पाडून बसवणं जमतं, प्रत्येक घावाला पातं आणखी घट्ट होतं. त्याचा तोटाही तोच: एक दिवस दांडा उभा चिरतो. माझा दुसऱ्याच दिवशी चिरला.

अशा कुऱ्हाडीनं खरंच झाड पडतं का, ही शंका जुन्या काळी विद्वानांनाही होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमधल्या ड्राव्हेडच्या जंगलात इव्हर्सन आणि ट्रोएल्स-स्मिथ या संशोधकांनी संग्रहालयातली चकमकीची खरी पाती काढून नवे दांडे बसवले. पट्टीचे लाकूडतोडे बोलावले, त्यांनी पोलादी कुऱ्हाडीसारखे अंगभर झोकून घाव घातले आणि पाती फुटायला लागली. मग कळलं की कोपर आणि मनगटातून, आखूड आणि भराभर घाव घालायचे. तिघांनी चार तासांत सुमारे ५०० चौरस मीटर बर्चचं जंगल साफ केलं, आणि एका पात्यानं तर पुन्हा धार न लावता शंभरावर झाडं पाडली. तिथली चकमक आणि इथला डोलेराइट वेगळा, तिथला बर्च आणि इथला खैर तर फारच वेगळा. त्यामुळे तो आकडा बळ्ळारीला जसाच्या तसा लावू नका. पण मोठी झाडं पाडायची गरज नेहमी असतेच असं नाही. बुंध्याची साल गोल काढली की झाड उभ्याउभ्या वाळतं.

आणि हे लोक होते गुराखी-शेतकरी. मूग, कुळीथ, बारीक तृणधान्यं पिकवत आणि मोठी खिल्लारं बाळगत. त्यांच्या गोठ्यांतलं शेण साठून, जळून झालेली राखेची टेकाडं रायचूर-बळ्ळारी भागात अजून उभी आहेत. उटनूरला पुरातत्त्वज्ञ ऑलचिन यांनी १९५७ मध्ये असं एक टेकाड खोदलं तर कुंपणाच्या खांबांचे खड्डे आणि गुरांच्या खुरांचे ठसे मिळाले. गुरांचे वाडे बांधायला, झोपड्यांना, सरपणाला सतत लाकूड लागत होतं. कुऱ्हाड ही त्यांच्या घरातली कोयत्याइतकी रोजची वस्तू होती.

तुम्ही सांगलीचे म्हणून एक सांगून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच असणार: आपल्याकडे का सापडत नाहीत? काळ्या दगडाला महाराष्ट्रात तोटा नाही. पण दख्खनच्या आपल्या भागात पहिले शेतकरी आले तेच मुळी तांब्याची ओळख घेऊन. प्रवरेकाठच्या जोर्व्याला सापडलेल्या कुऱ्हाडी तांब्याच्या, आणि रोजचं कापणं-सोलणं अकीक-गारगोटीच्या बारीक पात्यांवर चाले. तरीही नेवाशाच्या उत्खननात डोलेराइटची घासलेली पाती मिळाली आहेत, दक्षिणेकडच्या वळणाचीच. तांबं असूनही माणसं दगडी कुऱ्हाड सोडत नव्हती, याचं मला नवल वाटत नाही. तांबं मऊ आणि महाग.

विजेच्या दगडाची समजूत एकट्या तुमच्या मित्राची नाही, युरोपापासून आसामपर्यंत शेतकऱ्यांनी हेच सांगितलं आहे. पावसानंतर माती वाहून जाते आणि असा दगड शेतात वर येतो. आदल्या रात्री वीज झालेली असते, दोन गोष्टी जोडल्या जातात. बुंदेलखंडात तर अशी कितीतरी पाती पिंपळाखाली महादेव म्हणून मांडलेली सापडली आणि आरंभीच्या संशोधकांनी तिथूनच ती गोळा केली. मी ते करणार नाही. पारावर किंवा देवळात शेंदूर लावलेलं पातं दिसलं तर फोटो काढावा, माहिती विचारावी आणि नमस्कार करून पुढे जावं. तुमच्या देव्हाऱ्याबद्दल मात्र वेगळं सांगतो: तिथे हळद-कुंकू, तेल, दूध लागेल आणि धारेवरच्या सूक्ष्म खुणा जातील. ब्रशनं, ॲसिडनं, साबणानंही धुऊ नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा.

कायद्याचं थोडक्यात: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू ही पुरावस्तू. ती देशाबाहेर नेता येत नाही आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. खरा सल्ला असा की बळ्ळारीतच रॉबर्ट ब्रूस फूट यांच्या नावाचं संगनकल्लू पुरातत्त्व संग्रहालय आहे, तिथे जाऊन दाखवा आणि नोंद करून द्या. तुम्ही ते उचललंत याबद्दल रागावत नाही. तिथे खाणींची यंत्रं काळ्या दगडामागे लागलेली आहेत आणि पूर्वी पाहिलेले काही धोंडे मला नंतर दिसलेच नाहीत.

पण मघाचा मुद्दा. पातं कपच्यांच्या ढिगात होतं, उगाळायच्या पन्हळाशी होतं, की उतारावरून वाहत आलं होतं, यावर ते अर्धवट सोडलेलं, हरवलेलं की टाकून दिलेलं हे ठरतं, आणि ते आता फक्त तुमच्या आठवणीत आहे. म्हणून येत्या रविवारी त्याच जागी परत जा. मोबाइलवर ठिकाणाची नोंद घ्या, जमिनीवर नाणं ठेवून फोटो काढा आणि आजूबाजूच्या दहा पावलांत काय पडलंय तेही टिपा: कपच्या, मोडकी बुडं, ठोकून पांढरे पडलेले गोल दगड, खापरं. सगळे फोटो मला पाठवा. या वेळी काहीही उचलू नका.